पहिल्या गोलाची वाट पाहणारी मुले: महाविद्यालयीन हॉकी सामन्यात बालप्रेक्षकांची प्रथा कशी रुजवावी

सातारा जिल्ह्याला हॉकी नवी नाही. फलटण तालुक्यातील वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ भारताकडून खेळल्या, आणि तेव्हापासून इथल्या मुलींना भारतीय संघ ही केवळ टीव्हीवर पाहण्याची गोष्ट राहिलेली नाही. असे असूनही आंतरमहाविद्यालयीन हॉकी सामन्याला येणारा प्रेक्षक बहुधा खेळाडूंचे वर्गमित्र, दोन-चार पालक आणि कुंपणाच्या भिंतीवर बसलेली आसपासची मुले एवढाच असतो. या मुलांकडे कोणी लक्ष देत नाही. फार तर बाहेर गेलेला चेंडू आणायला त्यांना हाक मारली जाते. वास्तविक सामना पाहायला सर्वांत आधी येणारा आणि सर्वांत शेवटी जाणारा प्रेक्षक ही मुलेच असतात. त्यांना सामन्यात काही ठरलेले काम दिले, तर दोन-तीन हंगामांत त्या मैदानाची स्वतःची अशी एक प्रथा तयार होऊ शकते. ती कशी करावी, हे महाविद्यालयांचे शारीरिक शिक्षण संचालक, जिमखान्याचे विद्यार्थी प्रतिनिधी आणि उत्साही पालक यांच्यासाठी येथे सविस्तर मांडले आहे.

मूळ प्रथा कोठल्या आणि त्या टिकल्या कशामुळे

अमेरिकेत आणि कॅनडात हॉकी म्हटले की ती बर्फावरची. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे, मधल्या दोन मोठ्या विश्रांतींमध्ये बर्फ पुन्हा गुळगुळीत करणारे यंत्र, आणि मैदानाभोवती प्रेक्षकांना चकतीपासून (चेंडूऐवजी वापरतात त्या टणक रबरी ‘पक’पासून) वाचवणारी काचेची भिंत असा तिचा थाट असतो. तिथल्या महाविद्यालयीन सामन्यांभोवती प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या काही विक्षिप्त प्रथा जपल्या आहेत. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या घरच्या सामन्यात यजमानांचा पहिला गोल झाला की बर्फावर मासा फेकण्याची रीत अनेक वर्षे चालली. कॉर्नेल विद्यापीठाचे प्रेक्षक हार्वर्डचा संघ मैदानात उतरताना त्याच्यावर माशांचा मारा करतात. प्रतिस्पर्धी गोलरक्षकाला गोल बसला की सारी गॅलरी एका सुरात त्याला चाळण म्हणून चिडवते.

मुलांच्या वाट्याला मात्र यापेक्षा गोड प्रथा आल्या आहेत. ५ डिसेंबर १९९३ रोजी कॅनडातील कॅमलूप्स या गावच्या कुमार संघाच्या सामन्यात, यजमानांचा पहिला गोल होताच प्रेक्षकांनी घरून आणलेली कापडी अस्वले बर्फावर फेकली आणि ती गोळा करून गरजू मुलांना दिली गेली. पुढे ही रीत व्यावसायिक आणि महाविद्यालयीन संघांनीही उचलली. पेनसिल्व्हेनियातील हर्शी बेअर्स या व्यावसायिक संघाच्या जानेवारी २०२५ मधील एका सामन्यात अशी १,०२,३४३ खेळणी जमा झाली. विश्रांतीच्या वेळेत आठ वर्षांखालील मुलांचा काही मिनिटांचा सामना त्याच बर्फावर खेळवणे, किंवा क्रमांक घातलेल्या मऊ फोमच्या चकत्या गॅलरीतून मध्यभागीच्या लक्ष्यावर फेकायला लावून जवळ पडेल त्याला बक्षीस देणे, हेही तिकडे नित्याचे आहे. हॉकीबाहेरचे एक उदाहरण येथे घेतलेच पाहिजे. आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉलच्या मैदानाशेजारी मुलांचे रुग्णालय आहे, आणि २०१७ पासून प्रत्येक घरच्या सामन्यात पहिले सत्र संपले की सगळे प्रेक्षक त्या इमारतीकडे वळून खिडक्यांतल्या आजारी मुलांना हात हलवून अभिवादन करतात.

या प्रथा नीट पाहिल्या तर त्यांच्या टिकण्याचे कारण सापडते. प्रत्येक प्रथा सामन्यातील एका ठरलेल्या क्षणाला बांधलेली आहे, आणि तो क्षण आला की आपण काय करायचे हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. आपल्याकडील बहुतेक बक्षीस समारंभांत मुलांना रांगेत उभे करून टाळ्या वाजवायला लावतात, आणि म्हणूनच त्यातले काहीही त्यांच्या लक्षात राहत नाही. तेव्हा पहिला नियम असा की, एका हंगामात एकच क्षण निवडावा, त्या क्षणी मुलांना खरेखुरे काम द्यावे, आणि ते प्रत्येक घरच्या सामन्यात न चुकता व्हावे. चार कल्पना एकाच सामन्यात कोंबल्या की त्याचे स्नेहसंमेलन होते आणि हॉकी मागे पडते.

आधी सामन्याचे वेळापत्रक हातात घ्यावे

आपल्या हॉकीत बर्फावरच्या खेळासारख्या दोन मोठ्या विश्रांती नसतात. पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रे, पहिल्या व तिसऱ्या सत्रानंतर दोन-दोन मिनिटांची उसंत आणि मध्ये एकच मध्यंतर, असा नियम आहे. मध्यंतर नियमाप्रमाणे पाच मिनिटांचे असले, तरी स्पर्धेनुसार ते दहा मिनिटांपर्यंत वाढवले जाते आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत सत्रेही लहान केली जातात. म्हणून आयोजकांकडून आधी लेखी वेळापत्रक घ्यावे, मध्यंतर दहा मिनिटांचे करता येईल का हे विचारावे आणि पंचांना आपली योजना सामन्याच्या आदल्या दिवशी समजावून द्यावी. पंचांच्या कानावर न घालता मैदानात पाय ठेवला, तर पहिल्याच सामन्यात नाराजी ओढवते आणि ती रास्तच असते. दोन मिनिटांच्या उसंतीत मुलांना मैदानात आणण्याचा विचारही करू नये. तेवढ्या वेळात फक्त जागेवरून करण्याजोगी गोष्ट, म्हणजे टाळ्यांचा ठेका, घोषणा किंवा हात हलवणे, एवढेच शक्य असते.

पहिला गोल आणि कापडी खेळणी

माझ्या मते सातारा-सांगलीकडील महाविद्यालयाने सुरुवात करायची ती खेळण्यांच्या प्रथेपासून, कारण तिला पैसा कमी लागतो आणि तिचा उपयोग खरा आहे. मात्र ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. बर्फावर खेळणी पडली की खेळ थांबतो आणि ती उचलून होईपर्यंत सारे वाट पाहतात. आपल्या खेळात गोलनंतर लगेच मध्यरेषेवरून चेंडू सुरू होतो, आणि मैदानात पडलेल्या वस्तूवर पाय पडून खेळाडूचा घोटा मुरगळण्याचा धोका असतो. म्हणून प्रथेचे दोन भाग करावेत. यजमान संघाचा पहिला गोल झाला की मुलांनी आपापले खेळणे दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरायचे, आणि खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत ते तसेच धरून ठेवायचे. नंतर मध्यंतरात बाजूच्या रेषेबाहेर राष्ट्रीय सेवा योजनेच्या आठ-दहा विद्यार्थ्यांनी एक मोठी ताडपत्री चारी बाजूंनी ताणून धरायची आणि मुलांनी रांगेने येऊन आपले खेळणे तिच्यात फेकायचे. फेकण्यातला आनंद मुलांना मिळाला पाहिजे. खेळणे हातात घेऊन टेबलावर ठेवायला लावले, तर त्याची देणगी होते, प्रथा होत नाही.

मध्यंतरापर्यंत यजमानांचा गोल झालाच नाही तर काय, हे आधीच ठरवून ठेवावे. मुलांना खेळणी परत घरी न्यायला लावू नये. अशा वेळी दोन्ही संघांच्या गोलरक्षकांना ताडपत्रीपाशी बोलवावे आणि पहिले खेळणे त्यांच्या हातून टाकून घ्यावे. गोल न झाल्याचे श्रेय त्यांचेच असते, आणि गोल अडवणे हेही पाहण्याजोगे कौशल्य आहे हे मुलांना त्यातून कळते. पाहुण्या संघाच्या गोलरक्षकाला चिडवण्याची अमेरिकी रीत आपल्या मुलांना शिकवू नये. प्रौढ विद्यार्थी एकमेकांना काय म्हणतात तो त्यांचा प्रश्न आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी मात्र कोणाची हेटाळणी घालण्याचे कारण नाही.

खेळणी कशी असावीत, याची सूचना सामन्याच्या आठ-दहा दिवस आधी जवळच्या जिल्हा परिषद शाळांत, बालवाड्यांत आणि महाविद्यालयाच्या फलकावर लावावी. खेळणे कापडी असावे, धुतलेले आणि वाळवलेले असावे, त्यात बॅटरी नसावी, आणि लहान बाळाच्या तोंडात जाईल असे सुटे बटण किंवा काचेचा डोळा नसावा. विकतच आणले पाहिजे असे मुळीच नाही. जुन्या साडीच्या कापडाची, आत चिंध्या भरलेली आजीच्या हातची बाहुली विकतच्या अस्वलापेक्षा जास्त टिकते, आणि ती शिवताना मूल शेजारी बसलेले असेल तर त्या सामन्याची ओढ आठवडाभर आधीच लागते. ज्या घरात खेळणे देण्याची ऐपत नाही, त्या घरातील मूल रिकाम्या हाताने बसू नये, यासाठी जिमखान्याने वीस-पंचवीस बाहुल्या जादा ठेवाव्यात आणि प्रवेशाच्या वेळी कोणतीही चौकशी न करता द्याव्यात.

जमलेली खेळणी कोणाला द्यायची, याचे उत्तर आपल्या भागात शोधावे लागत नाही. महाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम आणि उसाचा गाळप हंगाम बराचसा एकाच वेळी येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांची पाले पडतात. मराठवाड्यातून आलेल्या या कुटुंबांसोबत लहान मुले असतात, आणि गाव सोडताना बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी आणि अंथरुणे यांनाच जागा मिळते. तिथे जाण्यापूर्वी अंगणवाडी सेविकेकडून किंवा साखरशाळेच्या शिक्षकांकडून मुलांची नेमकी संख्या घ्यावी. खेळणी संख्येपेक्षा कमी पडत असतील तर ती एकेका मुलाला वाटू नयेत. सगळी अंगणवाडीत सामाईक ठेवावीत, कारण दहा मुलांना मिळून दोघांना न मिळण्याइतके वाईट काही नाही. वाटप करताना छायाचित्रे काढू नयेत. आणि शक्य असेल तिथे याहून एक पाऊल पुढे जावे: पालांवरील मुलांना पुढच्या सामन्याला बोलवावे, त्यांची ने-आण आपण करावी आणि ताडपत्रीत फेकायला त्यांच्याही हातात खेळणे द्यावे. घेणारे मूल देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले की या प्रथेतील उपकाराचा भाग गळून जातो. मला तर ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

मध्यंतरातील छोटा सामना

दुसऱ्या हंगामात, पहिली प्रथा अंगवळणी पडल्यावर, मुलांचा छोटा सामना घ्यावा. याचे आपल्याकडे उत्तम उदाहरण आहे. यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानात मोठ्या पैलवानांच्या आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या लागतात. ज्या आखाड्यात थोड्या वेळाने नामवंत मल्ल उतरणार, त्याच मातीत आणि तीच हलगी वाजत असताना आपण लढलो, ही गोष्ट त्या पोराच्या मनात कायमची राहते. हॉकीतही मुलांना बाजूच्या मोकळ्या जागेत न खेळवता मुख्य मैदानावरच खेळवावे.

त्यासाठी संपूर्ण मैदान वापरायचे नाही. मैदानाची रुंदी ५५ मीटर असते आणि गोलरेषेपासून २२.९० मीटरवर एक आडवी रेषा आखलेली असते. या दोन रेषांमधील पट्टा मुलांनी आडव्या दिशेने खेळायला पुरेसा आहे. दोन टोकांना शंकू ठेवून लहान गोल करावेत आणि मैदानाच्या दुसऱ्या बाजूच्या तशाच पट्ट्यात आणखी एक सामना लावावा. म्हणजे प्रत्येकी पाच खेळाडूंचे चार संघ, एकूण वीस मुले, एकाच वेळी खेळतात. वेळ चार मिनिटे. चेंडू खऱ्या हॉकीचा कदापि देऊ नये. तो १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि दगडासारखा टणक असतो. टेनिसचा किंवा पोकळ प्लास्टिकचा चेंडू द्यावा. स्टिक मुलाच्या कमरेच्या आसपास येईल एवढ्याच लांबीची असावी, आणि ती खांद्याच्या वर न्यायची नाही हा एकच नियम सर्वांना तीनदा सांगावा. नडगीचे पॅड नसतील तर जाड मोजे घालावेत. गुणफलकावर या सामन्याचे गोल लिहू नयेत. मात्र निवेदकाने प्रत्येक मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून घ्यावे. ते नाव आईवडिलांच्या कानावर पडणे हेच बक्षीस असते. त्यानंतर सगळ्यांना सारख्या रेवड्या द्याव्यात. मुली आणि मुले एकत्र खेळवावीत, आणि शक्य असेल तर या छोट्या सामन्याचे पंच महाविद्यालयाच्या महिला संघातील खेळाडू असाव्यात.

वेळ काटेकोर पाळायची असेल तर रंगीत तालीम घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. मैदानात येणे, जागा घेणे, खेळणे आणि बाहेर जाणे मिळून सात मिनिटांत बसले पाहिजे. मध्यंतर पाचच मिनिटांचे असेल, तर हा सामना मुख्य सामन्यापूर्वी, खेळाडूंचा सराव सुरू होण्याआधी घ्यावा आणि मध्यंतरात नुसती ताडपत्री ठेवावी.

चकत्यांच्या फेकीची नक्कल करायची असेल तर क्रमांक शिवलेले कापडी चेंडू वापरता येतात. मातीच्या मैदानावर लक्ष्याची वर्तुळे फक्कीने आखावीत. कृत्रिम गवत असेल तर फक्की चालणार नाही, तिथे दोरीची वर्तुळे मांडावीत. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही.

हात हलवणे, घोषणा आणि कंदी पेढा

आयोवाच्या प्रथेतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मैदानाबाहेर असलेल्या मुलाची आठवण ठेवणे. महाविद्यालयाच्या मैदानाला लागून वसतिगृह, बालगृह किंवा रुग्णालय असेल, तर पहिल्या सत्रानंतरच्या दोन मिनिटांत सर्वांनी तिकडे वळून हात हलवता येईल. परंतु तिथल्या प्रमुखांशी आधी बोलणे आवश्यक आहे. आतल्या मुलांना खिडकीशी आणणारे कोणी नसेल तर आपण भिंतीलाच हात हलवत राहू. अमेरिकेत टीम इम्पॅक्ट ही संस्था २०११ पासून दीर्घ आजार असलेल्या मुलांना महाविद्यालयीन संघांशी जोडून देते आणि ते मूल एका दिवसाचा पाहुणा न राहता संघाचा सदस्य होते. आपल्याकडेही दिव्यांग किंवा आजारी मुलाला बोलवायचे असेल तर पूर्ण हंगामासाठी बोलवावे. त्याला जर्सी द्यावी, संघाच्या बाकावर त्याची जागा ठरवावी आणि सरावालाही येऊ द्यावे.

घोषणा मुलांनाच रचू द्याव्यात. फक्त त्यात कोणाचे गाव, जात, रंग किंवा शरीर यांवर काही नाही एवढे एका शिक्षकाने पाहावे. यजमान संघाला पेनल्टी कॉर्नर (गोलरेषेवरून चेंडू आत ढकलून मिळणारी गोलची खास संधी) मिळाला की खेळाडू जागा घेईपर्यंत हळू टाळ्या, आणि चेंडू आत ढकलला जाताच एकदम शांतता, असा ठेका बसवला तर मुलांचे लक्ष खेळावर राहते आणि पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय हेही त्यांना आपोआप कळते. हलगी जरूर असावी, पण ती मुलांच्या बाकांपासून लांब, समोरच्या बाजूला असावी आणि सत्र चालू असताना सतत वाजू नये; जवळून तास-दीड तास तो आवाज लहान कानांना सोसत नाही.

सामना संपल्यावर एक गोष्ट साताऱ्याने खास आपली म्हणून करावी. त्या दिवशी गोल करणाऱ्या प्रत्येक खेळाडूला, मग तो कोणत्याही संघाचा असो, एका मुलाने किंवा मुलीने कंदी पेढा द्यावा. पेढे त्याच दिवशी आणलेले असावेत. देणारे मूल चिठ्ठी टाकून निवडावे, म्हणजे प्राचार्यांच्या किंवा पाहुण्यांच्या घरच्या मुलांनाच तो मान मिळतो अशी कुजबुज होणार नाही. सांगलीकडील महाविद्यालयांनी याच जागी आपल्या बेदाण्यांचा विचार करावा.

सुरक्षितता

गोलच्या मागे एकही मूल बसता कामा नये, जाळी लावलेली असली तरीही. बर्फाच्या हॉकीत काचेची भिंत असते, आपल्याकडे फार तर दोरी असते, आणि आपल्या भागातील बहुतेक महाविद्यालयांची मैदाने माती-गवताची असल्यामुळे खड्ड्यावरून उसळलेला चेंडू कोठे जाईल याचा नेम नसतो. मुलांच्या बाकांची जागा मध्यरेषेच्या आसपास, बाजूच्या रेषेपासून चांगले पाच-सहा मीटर मागे असावी. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी सर्वांनी खाली बसलेले असावे. चेंडू आणून देण्याचे काम मोठ्या, हॉकी खेळणाऱ्या मुलांनाच द्यावे. मुलांना हातांवर झेलत गॅलरीतून वर नेण्याचा प्रकार परदेशी सामन्यांत दिसतो. तो आपल्याकडे आणू नये.

पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि छायाचित्र काढून समाजमाध्यमांवर टाकण्यास त्यांची परवानगी आहे की नाही हे त्याच कागदावर स्वतंत्रपणे विचारावे. दहा-बारा मुलांमागे दोन मोठी माणसे असावीत, त्यांतील एक स्त्री असावी. लहान मुलांच्या मनगटावर नाव न लिहिता फक्त पालकाचा मोबाईल क्रमांक लिहिलेली पट्टी बांधावी. नाव वाचून कोणीही अनोळखी माणूस मुलाला हाक मारू शकतो. पिण्याचे पाणी, सावली आणि स्वच्छतागृह यांची पाहणी आदल्या दिवशी करावी. खेड्यातून आलेल्या मुलांच्या शेवटच्या एसटीची वेळ निवेदकाच्या टेबलावर लिहून ठेवावी, आणि सामना लांबला तरी ती मुले त्या वेळेला निघालीच पाहिजेत.

पुढच्या वर्षी

महाविद्यालयात जिमखान्याचे विद्यार्थी प्रतिनिधी दरवर्षी बदलतात, आणि चांगल्या प्रथा बंद पडण्याचे हेच मुख्य कारण असते. म्हणून एक जाड वही करावी. प्रत्येक सामन्यानंतर त्यात पहिला गोल कोणी केला, किती खेळणी जमली, ती कोठे दिली, मध्यंतर किती मिनिटांत आटोपले आणि पंचांनी कशाबद्दल हरकत घेतली, हे लिहावे. वही शारीरिक शिक्षण विभागाच्या कपाटात राहावी आणि नव्या प्रतिनिधींच्या पहिल्याच बैठकीत ती वाचली जावी. छोट्या सामन्यात खेळलेल्या मुलांची नावेही तिच्यात नोंदवावीत, कारण त्यांपैकी कोणी आठ-दहा वर्षांनी त्याच महाविद्यालयाच्या संघात आले, तर मुलांना ताडपत्रीपाशी नेण्याचे काम त्या खेळाडूकडेच द्यायचे आहे.

पाहुण्या संघाला किमान आठवडाभर आधी पत्र पाठवावे. आपली प्रथा काय आहे, तिला किती वेळ लागतो आणि त्यांच्यासोबत येणारी मुलेही खेळणी आणू शकतात, हे त्यात लिहावे. बाहेरगावच्या मैदानावर आपला संघ खेळत असेल, तर तिथल्या यजमानांनी विचारल्याशिवाय तिथे ही प्रथा करू नये. पावसामुळे सामना पुढे ढकलला, तर जमलेली खेळणी जिमखान्यात कोरडी ठेवावीत आणि नवी तारीख त्याच दिवशी शाळांना कळवावी.